चूल आपली, पण जळण कुणाचं?

आम्ही उंब्रजच्या बचत गटातल्या बाया. आज तुमच्याशी चुलीबद्दल बोलायचं आहे. चुलीत बोलण्यासारखं काय, असं वाटेल. निम्मा जन्म तिच्यापुढंच गेला आपला. पण गेले दोन महिने आम्ही तिचा इतिहास शोधत बसलो होतो. जे हाती लागलं ते आमच्या गटापुरतंच ठेवावं असं वाटेना, म्हणून हे भाषण.

सुरुवात पालच्या यात्रेत झाली. पौषात तिथं खंडोबा आणि म्हाळसेचं लग्न लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. भंडाऱ्यानं सगळं पिवळं होतं. तारळी नदी पालवरून वाहत येते आणि आमच्या उंब्रजला कृष्णेला मिळते. यात्रेत तिच्या काठानं बाया तीन दगड मांडतात, काटकुटं गोळा करतात, आणि डोळे चोळत चोळत स्वयंपाक करतात. यंदा तिथं एका कुटुंबापुढं तीन दगड नव्हते. पाण्याच्या मोठ्या तांब्याएवढी एक स्टीलची शेगडी होती. आत खडूच्या तुकड्यांसारख्या तपकिरी कांड्या, वर निळसर-पिवळा जाळ, आणि धूर जवळजवळ नाहीच. डाळ-भात झाला, शेगडी निवली, त्यांनी ती पिशवीत घातली आणि चालू लागले. आमच्यातली एक जण तिथंच उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, तर उत्तर आलं, "या लाकडाच्या भुशाच्या कांड्या. पेलेट म्हणतात याला."

पुढच्या बैठकीत विषय निघाला. गटाच्या नावावर कर्ज काढून अशा वीस शेगड्या घ्यायच्या का? निम्म्या बाया तयार झाल्या. सिलिंडरचा खर्च वाचेल, पावसाळ्यात ओल्या जळणाची कटकट मिटेल, शेतावर, यात्रेला, कुठंही नेता येईल. तेवढ्यात गटातल्या सगळ्यांत वडील आक्का म्हणाल्या, "माझ्या माळ्यावर अशा तीन सुधारलेल्या चुली पडल्यात. चौथीला जागा नाही. आधी त्या तिघी का निजल्या ते सांगा, मग अंगठा देते."

बैठक तिथंच थांबली. आणि आक्कांच्या त्या प्रश्नापायी आमचा शोध सुरू झाला.

आधी आपल्या घरापासून सुरुवात केली. आपल्या आज्या काय जाळत होत्या? बांधावरची बाभळ, तुरीच्या तुऱ्हाट्या, कणसं सोलून उरलेली बुरकुंडं, शेणाच्या गोवऱ्या, उसाचं पाचट. गुऱ्हाळ चालू असलं की चुलवाणात उसाचीच चिपाडं जळायची. रस काढलेला ऊसच रसाला आटवायचा. यातलं एकही जळण विकत आणायचं नव्हतं. वेळ जायचा, डोळे जायचे, पाठ जायची, पण पैसा जात नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

विकतच्या जळणाची एक शेगडी मात्र आपल्याकडे पूर्वीपासून होती. साठीच्या पुढच्या बायांना ती आठवत असेल: भुशाची शेगडी. तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, तळाशी एका बाजूला भोक पाडायचं. डब्यात मधोमध बाटली उभी करायची, खालच्या भोकातून एक दांडकं आत सरकवायचं आणि भोवतीनं लाकडाचा भुसा ठासून भरायचा. मग दांडकं आणि बाटली अलगद काढून घेतली की मधे नळी तयार. खालून पेटवलं की भुसा आतून बाहेर सावकाश जळत जायचा. दोन-तीन तास बघायला लागायचं नाही. भुसा वखारीतून पोत्यानं यायचा. ही डब्यातली शेगडी उचलून अंगणात नेता यायची. आम्ही पेलेटची शेगडी बघितली तेव्हा आक्का म्हणाल्या, "ही आपल्या भुशाच्या शेगडीची नात." त्या अगदी बरोबर बोलल्या होत्या.

भुशाच्या शेगडीची खोट एवढीच, की भुसा जरा दमट असला किंवा सैल भरला गेला की ती धुमसायची. आणि धूर म्हणजे काय? न जळलेलं जळण. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतो. त्या वायूला पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर तो पेटतो, त्यालाच आपण जाळ म्हणतो. नाही मिळाली तर तोच वायू धूर होऊन आपल्या डोळ्यांत आणि छातीत जातो. म्हणजे धूर हा आपलाच वाया गेलेला पैसा, आणि वर औषधाचा खर्च.

हा धूर घालवायची खटपट आपल्या देशात फार जुनी आहे. गांधीजींच्या प्रेरणेनं १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचं काम वर्ध्याला मगनवाडीत चालायचं, आणि जे. सी. कुमारप्पा ते बघायचे. तिथून स्वातंत्र्याच्या सुमारास 'मगन चूल' पुढं आली. मातीची, एका जाळावर दोन-तीन भांडी ठेवता येणारी, धूर नळीनं बाहेर काढणारी. त्यानंतर हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेतले एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर १९५३ साली एक पुस्तिका काढली. त्यांचं म्हणणं साधं होतं. बाईला आधी बिनधुराचं स्वयंपाकघर द्या.

धुरानं नेमकं किती नुकसान होतं, हे मोजायला मात्र आणखी तीस वर्षं गेली. अमेरिकेचे किर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा मोजायची साधनं लावली. बाई चुलीपुढं बसली असताना तिच्या नाकाजवळची हवा कशी असते, हे त्यातून कळलं. तो अभ्यास १९८३ साली छापून आला. जगातल्या शास्त्रज्ञांचं लक्ष त्यानंतर चुलीकडे वळलं. तोवर प्रदूषण म्हटलं की कारखान्याची चिमणी, असंच सगळे धरून चालले होते.

त्याच सुमारास सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत तो चालला आणि देशभर ३ कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. आक्कांच्या घरातली पहिली चूल त्यातलीच. तिचं काय झालं? धुराडं काजळीनं भरलं, साफ कसं करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. वैलावरचं भांडं तापेना. तोंड लहान, म्हणून लाकूड बारीक फोडायला लागायचं. कुऱ्हाड कुणाच्या हातात? बाईच्याच. चुलीचा आकडा कागदावर वाढत राहिला आणि बऱ्याच घरांत चूल ढासळून गेली. यातून आम्हाला पहिला धडा मिळाला: चूल बसवणं सोपं, ती दुरुस्त ठेवणं अवघड.

आता पेलेटकडे येऊ. या कांड्या आपल्याकडच्या नव्हेत. १९७३ साली जगात तेलाचे भाव एकदम भडकले. अमेरिकेच्या पश्चिमेकडे लाकूड गिरण्या फार. त्यांच्या दारात भुशाचे डोंगर पडलेले असायचे. तेल महाग झाल्यावर सत्तरीच्या त्या दशकात तिथल्या लोकांनी भुसा दाबून त्याच्या कांड्या करायला सुरुवात केली. आधी बॉयलरसाठी, मग घर गरम ठेवायच्या शेगड्यांसाठी. आज युरोप-अमेरिकेत थंडीत लाखो घरं या कांड्यांवर ऊब घेतात.

कांडी होते कशी? भुसा किंवा शेतातला वाळलेला माल आधी नीट वाळवायचा, इतका की त्यात शेकडा १० ते १५ च्या आसपासच ओल राहावी. मग तो दळायचा. मग शेवयांच्या सोऱ्यासारख्या जाड लोखंडी चाळणीतून प्रचंड दाबानं बाहेर काढायचा. दाबानं माल तापतो आणि लाकडात मुळातच असलेला चिकट पदार्थ मऊ होतो. त्याला लिग्निन म्हणतात. निवल्यावर तोच कांडीला घट्ट धरून ठेवतो. वेगळा डिंक लागत नाही. कांडी साधारण ६ ते ८ मिलिमीटर जाड. भुशापेक्षा थोड्या जागेत जास्त जळण मावतं, पोत्यात भरून नेता येतं, आणि सगळ्या कांड्या सारख्या असल्यानं जाळही सारखा लागतो. फक्त पाणी लागू द्यायचं नाही. भिजली की कांडी फुगते आणि तिचा पुन्हा भुसा होतो.

छोट्या शेगडीची गोष्ट वेगळी. १९८० नंतरच्या काळात अमेरिकेत टॉम रीड आणि नॉर्वेचे पॉल वेंडेल्बो या दोघांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, जवळपास एकच युक्ती शोधली. जळण डब्यात भरायचं आणि ते वरून पेटवायचं! आपण चूल खालून पेटवतो. वरून पेटवलं की निखारा हळूहळू खाली उतरतो. त्या उष्णतेनं जळणातून वायू निघतो आणि वर येतो. डब्याच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकांतून हवा मिळाली की तो तिथं स्वच्छ पेटतो. धुराला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. शेवटी डब्यात कोळसा उरतो. वेंडेल्बो यांनी ही शेगडी आफ्रिकेत युगांडात वापरात आणली. रीड यांनी तिला बारका पंखा जोडला, म्हणजे हवा हवी तेवढी मिळेल. डोंगरात, रानात मुक्कामाला जाणारी परदेशातली मंडळी अशा लहान शेगड्या पाठीवरच्या पिशवीतून नेऊ लागली. ओंजळ-दोन ओंजळी कांड्या टाकल्या की चहा आणि भात होतो. पालच्या यात्रेत आम्ही बघितली ती याच कुळातली.

आता ही परदेशी युक्ती आपल्या महाराष्ट्रात कशी आली ते ऐका. ब्रिटनच्या बीपी या तेल कंपनीनं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीनं एक शेगडी तयार केली. नाव 'ऊर्जा'. २००६ पासून ती विकायला आली. आत कांड्या भरायच्या, वरून पेटवायचं, चार्ज होणाऱ्या बॅटरीवर पंखा चालायचा. कांड्या लाकडाच्या नव्हत्या, शेतमालाच्या उरलेल्या भागापासून केलेल्या होत्या. त्यात उसाचा बगॅस होता, भुईमुगाची टरफलं होती. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तामिळनाडूत तिचा प्रचार झाला, गावोगाव बायकांनीही ती विकली. २००९ मध्ये हे काम बीपीकडून पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेलं. एकूण ४ लाखांहून अधिक शेगड्या विकल्या गेल्या. अशा जातीची शेगडी पैसे मोजून इतक्या घरांत गेली, असं जगात त्याआधी झालेलं नव्हतं.

पुढं काय झालं? संशोधकांनी महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ९९८ घरांत जाऊन विचारपूस केली. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी शेगडी घेतली होती, त्यांच्यातल्या शंभरांत फक्त ९ घरांत ती अजून चालू होती. बाकीच्या ९१ घरांत? माळ्यावर, आक्कांच्या घरासारखीच.

आम्हाला आधी वाटलं, शेगडी वाईट असेल. तसं नव्हतं. अभ्यासात मोठं कारण सापडलं ते कांड्यांचं. शेगडी परवडेल अशा भावात द्यायची आणि पुढं कांड्यांच्या विक्रीवर धंदा चालवायचा, असा हिशेब होता. म्हणजे म्हैस स्वस्तात द्यायची आणि पेंड मात्र आपल्याच दुकानातून घ्यायला लावायची. यात लबाडी होती असं आम्ही म्हणत नाही. हिशेबाचा पाया एका समजुतीवर होता: शेतातला कचरा स्वस्तात मिळतो आणि मिळत राहील. तिथंच चूक झाली. कचऱ्याला किंमत येते, ती गिऱ्हाईक उभं राहिलं की. त्याच काळात साखर कारखान्यांनी सहवीजनिर्मिती वाढवली. आधी बगॅस त्यांच्या बॉयलरमध्ये जळायचाच, आता त्याच्यापासून केलेली वीज बाहेर विकता येऊ लागली. कागद गिरण्यांनाही बगॅस हवा होता. टरफलं आणि भुसा वीटभट्ट्यांना नि बॉयलरना हवा होता. मालाचा भाव चढला, तसा कांड्यांचा चढला. ज्या बाईनं पैसे वाचवायला शेगडी घेतली, तिला ती महाग पडू लागली. काही वर्षांनी कंपनीनं घरगुती गिऱ्हाइकापेक्षा हॉटेलं आणि कारखाने यांच्याकडे लक्ष वळवलं. मोठं गिऱ्हाईक रोज भरपूर कांड्या घेतं. आपण महिन्याला दोन पोती घेणार.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. शेगडी घेणाऱ्यांत जास्त प्रमाण गॅस वापरणाऱ्या घरांचं होतं, कारण त्यांचा सिलिंडरचा खर्च वाचत होता. धुराचं नि तब्येतीचं जे सांगितलं गेलं, त्यानं विकत घेण्याच्या निर्णयात फारसा फरक पडला नाही. म्हणजे ज्या बाईच्या छातीत सगळ्यांत जास्त धूर जातो, तिच्यापर्यंत ही शेगडी पोहोचलीच कमी. बाईच्या डोळ्यांचा हिशेब घरात कुणी मांडत नाही, पैशाचा मांडतात. हे वाचल्यावर आमच्या बैठकीत जरा वेळ कुणी बोललं नाही.

पण मैत्रिणींनो, या गोष्टीला आपल्या सातारा जिल्ह्याची एक बाजू आहे आणि तिचा आम्हाला अभिमान वाटतो. उंब्रजपासून फलटण लांब नाही. तिथं बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. उसाचं वाळलेलं पाचट आणि बगॅस यांचा वायू करून तो उष्णतेसाठी जाळायचं यंत्र, म्हणजे गॅसिफायर, त्या संस्थेत तयार झालं आणि त्यावरचं लिखाण १९९७ मध्ये बाहेरच्या शास्त्रीय मासिकात आलं. पेलेटची शेगडी जे काम डब्यात करते, तेच फलटणला मोठ्या प्रमाणावर पाचटावर करून बघितलं गेलं होतं.

दुसरं नाव डॉ. आनंद कर्वे यांचं. महर्षी कर्व्यांचे ते नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव. त्यांनी १९९६ साली 'आरती' ही संस्था काढली. तिचं काम पुण्यात आणि फलटणला चालायचं. त्यांनी बघितलं, की ऊसतोड झाली की हेक्टरी ८ ते १० टन पाचट रानात पडतं आणि शेतकरी काडी लावून मोकळा होतो. त्या पाचटाचा पिंपांच्या भट्टीत कोळसा करायचा, तो चुरायचा, खळीसारखं काहीतरी चिकट घालून त्याच्या वड्या पाडायच्या, आणि त्या वाळवून विकायच्या. यंत्र साधं, आणि काम शेताच्या बांधावर होणारं. या कामाला २००२ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्या वड्यांवर चालणारा 'सराई कुकर'ही आरतीनं केला. साधारण १०० ग्रॅम कोळशात चार-पाच माणसांचा वरण-भात आणि भाजी वाफेवर शिजते. तो उचलून कुठंही नेता येतो.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. एका वाटेवर जळण लांबच्या कारखान्यात तयार होतं आणि पोत्यातून आपल्या दारात येतं. दुसऱ्या वाटेवर जळण आपल्या बांधावर होतं आणि आपल्यातलंच कुणीतरी ते करतं. दुसरी वाट फुलासारखी सोपी आहे असं नाही. पाचट गोळा करणं उन्हातलं काम, भट्टीपाशी धग, वड्या वाळवायला जागा, विकायला गिऱ्हाईक. शिवाय आता शेतीतली जाणती माणसं सांगतात की पाचट जाळू नका, रानातच पसरा, कुजू द्या. ओल टिकते, जमीन सुधारते. तेही खरंच आहे. म्हणजे पाचटालाही आता दोन मालक झाले: चूल आणि जमीन. आणि खाली दिसतो तो 'कचरा' खरं तर कुणाचाच फुकटचा नसतो.

आणि आजचं काय? २०१६ साली उज्ज्वला योजना आली, पुष्कळ घरांत पहिल्यांदा सिलिंडर गेला. पुन्हा भरायला पैसे नसले की तोच सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल पुढं, हे आपण आपल्या गल्लीत बघतोच. तिकडे २०२१ पासून केंद्र सरकारनं औष्णिक वीज केंद्रांना दगडी कोळशाबरोबर शेतमालाच्या कांड्या जाळायला सांगितलं आहे. शेतकऱ्याला मालाचे चार पैसे मिळतील, रानात आग कमी लागेल, हे चांगलंच. पण चुलीच्या बाजूनं बघितलं तर वीज केंद्राएवढं दांडगं गिऱ्हाईक आता बाजारात आहे. आपण दोन पोती मागायला जाऊ, तेव्हा त्याच्याशी आपली गाठ आहे.

मग आमच्या गटानं काय ठरवलं? आधी हिशेब केला. तुम्हीही करून बघा. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. कांड्यांत गॅसपेक्षा उष्णता कमी आणि शेगडीत वाया थोडी जास्त जाते. हे धरून ढोबळ मानानं, एका सिलिंडरचं काम करायला ५५ ते ६५ किलो कांड्या लागतात. आता तुमच्या गावात किलोला जो भाव सांगतील, त्याला ६० नं गुणा आणि सिलिंडरच्या भावाशी लावून बघा. गुणाकार सिलिंडरच्या पुढं गेला, तर पैसे वाचवायला शेगडी घेऊ नका. गॅस नसेल आणि जळण विकत घेत असाल, तर महिन्याला लाकडाला जातात त्या पैशांशी लावून बघा.

मग आम्ही पाच प्रश्न वहीत लिहिले. कांड्या कुठं तयार होतात आणि आपल्यापासून किती लांब? त्या कशाच्या आहेत, आणि तो माल दुसरं कोण विकत घेतं? भाव किती महिन्यांसाठी लेखी मिळेल? पंखा किंवा बॅटरी बिघडली तर दुरुस्त करणारा तालुक्यात कोण? आणि कांड्या मिळाल्या नाहीत तर त्याच शेगडीत आपल्या रानातलं काय जाळता येतं? वाळक्या फांद्यांचे बोटभर तुकडे, तुऱ्हाट्या, बुरकुंडं, यातलं काही चालतं का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा. जी शेगडी एकाच दुकानाच्या पोत्यावर चालते, ती अर्धीच आपली असते.

शेगडी दाखवायला आलेल्या माणसाला आम्ही हे पाच प्रश्न विचारले. दोघांची उत्तरं त्याच्यापाशी होती, तिघांची नव्हती. वीस शेगड्यांचं कर्ज आम्ही काढलं नाही. गटाच्या शिल्लकीतून दोन शेगड्या घेतल्या. त्या मृगापासून दिवाळीपर्यंत, आळीपाळीनं, प्रत्येक घरात आठ-आठ दिवस फिरणार. किती कांड्या लागल्या, काय शिजलं, भाकरी नीट भाजली का, मधे जळण संपलं तर काय केलं, हे ती ती बाई वहीत लिहील. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घेईल. सुरुवातीच्या चार घरांतच एक गोष्ट कळली: वरण-भाताला ही शेगडी छान, पण एकदा भरलेल्या कांड्या संपत आल्या की मधेच भर घालता येत नाही. दहा माणसांच्या भाकरी असतील तर ताळमेळ चुकतो. असं कागदावर कुणी सांगत नाही, चुलीपुढं बसल्यावरच कळतं.

एक काळजीचं सांगतो. कांड्यांची असो वा कोळशाची, शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नका, थंडीत ऊब घ्यायला तर मुळीच नाही. धूर दिसत नाही म्हणजे विषारी वायू नाही, असं नसतं. त्या वायूला वास नसतो, आणि झोपेतच माणूस जातो. दार-खिडकी उघडी, किंवा सरळ अंगणात. आणि कांड्या फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवा, जमिनीच्या ओलीपासून वर.

आक्कांनी आता त्यांचा माळा साफ केला आहे. तिथल्या तीन चुली खाली काढल्या आणि आम्ही सगळ्याजणी त्यांच्याभोवती बसलो. पहिलीचं धुराडं कुणी साफ करायला शिकवलं नव्हतं, दुसरीची बॅटरी मिळेनाशी झाली, तिसरीचं जळण महाग झालं. तिन्ही चुली वाईट नव्हत्या. कुणी तरी दुसऱ्यांनी त्या आपल्यासाठी ठरवल्या होत्या, एवढंच. चौथी आपण ठरवायची आहे, आणि चुलीआधी तिचं जळण ठरवायचं आहे.

दिवाळीनंतर आम्ही आमची वही घेऊन पुन्हा तुमच्यासमोर येऊ. पौषात पालला याल तेव्हा नदीकाठी भेटा. तीन दगड तर असतीलच. शेगडीही असेल, तिच्यात काय जळतंय ते बघून जा. आणि तुमच्या गावात कुणी नवी चूल घेऊन आलं, तर तिची चमक बघायच्या आधी एवढंच विचारा: बाबा, हिचं जळण कुणाचं?